एक्क्यांची जोडी हातात, समोर छक्क्या: मोठ्या जोड्या खेळायच्या तरी कशा?

पौडफाटा

मंडळी, गेल्या शनिवारचा एक डाव आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. पत्त्यांतली जाणती माणसं इथे आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

आम्ही सहा जण दर शनिवारी रात्री कोथरूडला एका मित्राकडे नो-लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार: हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे पाच उघडे, कितीही चिप्स लावता येतात) खेळायला बसतो. पूर्वी यातले चौघे ऑनलाइन खेळायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि आम्ही समोरासमोर बसायला लागलो. पैसे लावत नाही. प्रत्येकाला १००० च्या चिप्स, ब्लाइंड ५-१० (डावाआधी दोघांनी सक्तीने घालायचे: स्मॉल ५, बिग १०), आणि महिनाअखेरीस ज्याच्याकडे सगळ्यात कमी उरतील त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची.

तर डाव असा. रात्रीचे साडेअकरा. माझ्याकडे २००० झालेत, बिग ब्लाइंडवर बसलेल्या मित्राकडे त्याहून थोडे जास्त. तो शांत माणूस, पत्ते वाटले की बघतो आणि बहुतेक वेळा खाली ठेवतो. माझ्या आधीच्या दोघांनी नुसते १० टाकले. मी पत्ते उचलले: इस्पिक एक्का, बदाम एक्का. हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू. कुणी पळून जाऊ नये म्हणून मी फक्त ३० केले. बटणवाला (वाटणाऱ्याच्या जागेवरचा) आला, स्मॉल ब्लाइंडने सोडलं, बिग ब्लाइंड आला, आधीचे दोघेही आले. पाच जण, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १५५.

फ्लॉप (पहिले तीन उघडे पत्ते): चौकट नव्वी, किलवर छक्की, बदाम दुर्री. माझ्यापर्यंत तिघांचं चेक (काही न टाकता पुढे). मी १०० टाकले. बटणवाला गेला. शांत मित्राने क्षणभर चिप्सकडे पाहिलं आणि ३०० केले. बाकीचे दोघे गेले. मी कॉल केलं, म्हणजे तेवढेच घातले. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिक गुलाम. तो ५००. मी कॉल. रिव्हरला (पाचवा, शेवटचा) चौकट चौकी. त्याने उरलेले सगळे पुढे सरकवले, म्हणजे मला आणखी ११७०. मी दोन मिनिटं बसून राहिलो. मनात एकच चाललं होतं, एक्के आहेत, एक्के कसे सोडू? कॉल केलं. त्याने छक्क्यांची जोडी उलटी केली. तीन छक्क्या. माझे २००० गेले.

चूक कुठे झाली? फ्लॉपच्या आधी की नंतर? की चूक नव्हतीच, नशीब होतं?

रात्रपाळी

आधीच झाली. दोघे लिंप करून (नुसते १० टाकून) आत असताना ३० म्हणजे रेजच (वाढवणं) नाही, आमंत्रण आहे. बिग ब्लाइंडला फक्त २० घालायचे होते, तेवढ्यासाठी कोण छक्क्यांची जोडी सोडेल? माझा साधा हिशोब: बिग ब्लाइंडच्या चौपट, आणि प्रत्येक लिंपरमागे आणखी एकपट. म्हणजे कमीत कमी ६०. सैल टेबल असेल तर ८०.

इस्पिकराणी

रात्रपाळींशी सहमत, पण कारण थोडं उलगडून सांगते.

हातातल्या जोडीचा फ्लॉपवर सेट (तसाच तिसरा पत्ता) किंवा त्याहून चांगलं काही व्हायची शक्यता ११.८ टक्के. साधारण साडेआठ वेळांत एकदा. म्हणजे छक्कीवाला साडेसात वेळा फुकट जाणार आणि एकदा लागणार. लागल्यावर आधीच्या साडेसात वेळांचं निघून वर काही उरलं तरच त्याचा कॉल बरोबर. आणि लागलं तरी दर वेळी समोरचा सगळे चिप्स देतो असं होत नाही, म्हणून जाणते खेळाडू म्हणतात की कॉलच्या निदान पंधरा-वीस पट मागे असावेत.

आता बघा, तुमच्या मित्राने २० घातले आणि तुमच्या मागे १९७० होते. जवळपास शंभर पट! इतका स्वस्त सौदा त्याला रात्रभरात दुसरा मिळाला नसेल.

गणितमास्तर

निवृत्त झाल्यापासून आकडेमोडीला अशी निमित्तं मी शोधतच असतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांत तथ्य आहे, पण निदान अर्धवट आहे असं माझं मत.

समजा पौडफाट्यांनी ८० केले असते. बिग ब्लाइंडला आणखी ७० घालावे लागले असते. मागे राहिले १९२०. भागाकार करा: सत्तावीस पट. म्हणजे इस्पिकराणींच्याच निकषाने त्याचा कॉल तरीही बरोबर! १०० केले असते तरी एकवीस पट. बिग ब्लाइंडच्या २०० पट चिप्स दोघांच्या पुढे असताना छोट्या जोडीला साध्या एका रेजने महाग पडेल अशी किंमत लावणं जवळजवळ अशक्य आहे. रेज मोठी करावीच, कारण बाकीचे तिघे गळतात आणि पॉट मोठा होतो. पण तेवढ्याने छक्क्या पळाल्या असत्या हा भ्रम.

खरा प्रश्न, फ्लॉप पडला त्या क्षणी पॉटच्या किती पट चिप्स मागे होत्या? १९७० भागिले १५५, म्हणजे जवळपास तेरा. एका जोडीच्या जोरावर पॉटच्या तेरा पट रक्कम झोकायची नसते. उलट उदाहरण घ्या. सगळ्यांकडे १००० आहेत, कुणीतरी ४० ची रेज केली, तुम्ही एक्क्यांवर १४० केले, तो आला. पॉट २९५, मागे ८६०, तीनपटही नाही. तिथे ९-६-२ च्या फ्लॉपवर सगळं घाला आणि शांत झोपा. छक्क्या निघाल्या तर निघाल्या. तेच एक्के, तोच फ्लॉप, तोच विरोधक, आणि निर्णय मात्र उलटा.

मुळामुठा

मास्तरांचं गणित चोख आहे. मला ते 'एक्के कसे सोडू' हे वाक्य जास्त लागलं, कारण मी स्वतः वर्षानुवर्षं तेच म्हणत आलोय.

आपल्याकडे हे येतं तीन पत्तीतून. दिवाळीत, गणपतीच्या जागरणात, लग्नाच्या आदल्या रात्री, आपण सगळे तीन पत्तीवर वाढलो. तिथे एक्क्यांची जोडी म्हणजे जवळजवळ जिंकलेला डाव. जोडीच्या वर कलर, सिक्वेन्स, प्युअर सिक्वेन्स आणि ट्रेल. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात, त्यातले जोडीच्या वरचे फक्त १९१६. नऊ टक्केसुद्धा नाहीत. आणि पत्ते वाटले की हात पूर्ण झाला, पुढे त्यात काही बदल होत नाही.

होल्डेममध्ये शेवटी सात पत्त्यांतून पाच निवडायचे. कुठलेही सात पत्ते घेतले तर दोन जोड्या किंवा त्याहून चांगलं व्हायचं प्रमाण जवळपास ३९ टक्के. नऊ आणि एकोणचाळीस! आपलं मन नऊवर घडलंय आणि आपण खेळतोय एकोणचाळीसच्या खेळात. तीन पत्तीतला एक्का हा पिकलेला आंबा आहे. होल्डेमच्या फ्लॉपआधीचा एक्का म्हणजे मोहोर. चांगला मोहोर आलाय, पण वाऱ्या-पावसाचे पाच पत्ते अजून यायचेत.

दुर्री_तिर्री

नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मग पाच जण आत असतील तर एक्के वाईटच म्हणायचे का? मी ऐकलंय की चार जणांविरुद्ध एक्के निम्म्याच वेळा जिंकतात.

गणितमास्तर

प्रश्न चांगला विचारलात. एका अनोळखी हाताविरुद्ध एक्के साधारण ८५ टक्के, दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६. टक्केवारी उतरते हे खरं. पण चौघे समोर असताना तुम्ही पॉटचा पाचवा हिस्सा घालता आणि निम्म्याहून जास्त वेळा पूर्ण पॉट उचलता. फ्लॉपआधीच पाचही जण ऑल-इन (सगळे चिप्स आत) गेले तर एक्केवाल्यासारखा सुखी कोणी नाही.

त्रास होतो तो चिप्स मागे उरलेल्या असतात म्हणून. फ्लॉपनंतर छक्कीवाल्याला एका नजरेत कळतं, लागलं किंवा नाही लागलं. नाही लागलं तर तो ३० सोडून निघून जातो. लागलं तर २००० मागतो. एक्केवाल्याला मात्र रिव्हरपर्यंत काहीच कळत नाही. पत्ते त्याचे जड असतात, माहिती समोरच्याकडे असते. चुका जन्म घेतात त्या या तफावतीतून.

रात्रपाळी

मास्तर, २०० पट चिप्स असताना माझं 'आधीच झाली' अपुरं पडतं, मान्य.

पण सगळे अटकळीचे हात एका मापाने मोजू नका, एवढं म्हणेन. छोटी जोडी लपलेली असते. बदाम सत्ती-अठ्ठी वेगळी. असा सलग एकरंगी हात फ्लॉपवरच पूर्ण फ्लश (पाचही एका रंगाचे) होतो शंभरात एकदाही नाही (०.८४ टक्के). बहुतेक वेळा त्याला मिळतो तो अर्धा हात: चार बदाम, किंवा दोन्ही बाजूंनी उघडी सिक्वेन्स. अर्ध्या हाताला पुढचा पत्ता बघायचा असतो, आणि त्या पत्त्याची किंमत तुम्ही ठरवू शकता. चार बदामवाल्याकडे नऊ पत्ते, पुढच्या एका पत्त्यावर लागायची शक्यता १९ टक्के. पॉट २०० असेल आणि तुम्ही १५० टाकले तर त्याला ३५० साठी १५० घालायचे, म्हणजे ३० टक्के वेळा लागलं तर बरोबरी. तिथे एक्के-राजेवाल्याने दणकून टाकलेच पाहिजेत. हळू खेळून, चेक करून फुकट पत्ता दाखवणं हा मोठ्या जोडीचा दुसरा मोठा अपराध. टर्नला मात्र तिसरा बदाम पडला, तुमच्या हातात बदाम नाही, आणि आतापर्यंत नुसता कॉल करणारा माणूस अचानक रेज करायला लागला, की हात आखडायचा.

२००३ च्या पोकर वर्ल्ड सीरिजचा शेवटचा डाव आठवा. सॅम फारहाकडे गुलाम-दश्शी, ख्रिस मनीमेकरकडे पंजी-चौकी. फ्लॉप गुलाम, पंजी, चौकी. फारहाला वरची जोडी, मनीमेकरला दोन जोड्या. सगळे चिप्स आत गेले आणि मनीमेकर फुल हाउसवर (तीन सारखे आणि एक जोडी) २५ लाख डॉलर जिंकला. फारहा काही नवशिका नव्हता.

मुळामुठा

तिथे दोघेच उरले होते ना? दोघांच्या खेळात वरची जोडी खूपच मोठी असते. सहा जणांच्या टेबलाला ते उदाहरण लावू नये असं वाटतं.

रात्रपाळी

बरोबर आहे. मुद्दा एवढाच की पंजी-चौकी समोर दिसत नाही.

इस्पिकराणी

आता पौडफाट्यांचा डाव एकेका टप्प्याने बघते. प्रीफ्लॉपवर (फ्लॉपच्या आधीच्या खेळावर) पुष्कळ बोलून झालं, आणि जे २००० गेले त्यातले प्रीफ्लॉपला गेले फक्त ३०.

फ्लॉप ९-६-२, तीन वेगळे रंग. फ्लशचा प्रश्नच नाही. चेक-रेज (आधी चेक, मग समोरच्याने टाकल्यावर वाढवणं) आली ती कशाकशाने येऊ शकते? तिन्ही सेट: नव्व्या, छक्क्या, दुर्र्या. प्रत्येकाचे तीन प्रकार, म्हणजे नऊ. सत्ती-अठ्ठी, तिला दोन्ही बाजू उघड्या, तिचे सोळा प्रकार, पण शांत माणूस बेरंगी (दोन वेगळ्या रंगांच्या) सत्ती-अठ्ठीने आत येईल का? बिग ब्लाइंडमध्ये, फक्त २० साठी? येईलही. इथे ती ३० ची रेज परत नडते. तुम्ही स्वस्त किंमत लावली म्हणून त्याच्याकडे काय असू शकतं याची यादी लांबली. ८० केले असते तर नव्वी-छक्की, सत्ती-अठ्ठी बेरंगी, असले हात यादीतून कटले असते. मास्तर, मोठ्या रेजचा हाही फायदा आहे, छक्क्या पळत नसल्या तरी.

म्हणून फ्लॉपला कॉल ठीक. मी पण केला असता.

टर्नला गुलाम, कुणाला फारसा उपयोगाचा नाही. पॉट ७५५, तो ५०० टाकतो. सत्ती-अठ्ठी घेऊन तो शांत माणूस पुन्हा ५०० टाकेल? तुम्ही त्याला ओळखता, मी नाही. माझ्या मते थांबायची जागा हीच होती. इथे सोडलं असतं तर ३३० गेले असते आणि १६७० घेऊन तुम्ही पुढच्या डावात बसला असता.

रिव्हरचं गणित सोपं आहे. पॉट १७५५, त्याचे ११७०, तुम्हाला घालायचे ११७०. शंभरात किमान २९ वेळा तो फसवत असेल, किंवा तुमच्याहून हलकी जोडी घेऊन हे करत असेल, तरच कॉल परवडतो. पौडफाटा, एकच विचारते: तो आजवर कितीदा असा फसवताना सापडलाय?

पौडफाटा

एकदाही नाही. आम्ही जानेवारीपासून खेळतोय आणि मी त्याला चेक-रेज करताना त्या रात्री पहिल्यांदाच पाहिलं. हे मला त्या दोन मिनिटांत माहीत होतं. मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. माझ्या एक्क्यांकडे बघत होतो.

दुर्री_तिर्री

आणि राजा, राणी? त्यांचंही हेच?

गणितमास्तर

त्यांची अडचण आणखी एक. राजांची जोडी असताना फ्लॉपवर निदान एक एक्का पडायची शक्यता २३ टक्के. राण्या असतील तर एक्का किंवा राजा पडायची ४१ टक्के. गुलामांना वरचा पत्ता पडतो ५७ टक्के वेळा, अर्ध्याहून जास्त. म्हणून या जोड्यांना फ्लॉपआधी पैसे घेण्याची घाई एक्क्यांहूनही जास्त असावी. माणसं करतात उलटं, एक्का दिसेल या भीतीने राजे भित्रेपणाने खेळतात आणि चार जणांना आत घेतात. चौघांत कुणाकडे तरी एक्का असायची शक्यता वाढतेच ना!

एक प्रयोग सुचवतो. आकडे वाचून पटत नाहीत, हाताला पटावे लागतात. पौडफाटा, घरी एक कॅट घ्या. दोन छक्क्या बाजूला काढा. उरलेले ५० पत्ते नीट पिसा, वरचे तीन उघडा, छक्की आली का लिहा. शंभर वेळा करा.

पौडफाटा

मास्तर, केलं. काल पावसाने कुठे जाता आलं नाही. लेकीला (इयत्ता सातवी) घेऊन बसलो. तिच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या, मी पिसत होतो, ती उघडत होती.

शंभरात बारा वेळा छक्की आली. पण ती कशी आली ते बघण्यासारखं होतं. सुरुवातीला सलग एकवीस वेळा काहीच नाही. लेक कंटाळली, म्हणाली, बाबा तुम्ही छक्क्या लपवल्यात. मग चार उघड्यांत दोनदा आली. मधे पुन्हा मोठा कोरडा पट्टा. त्या एकवीस वेळा समोरचा माणूस गुपचूप पत्ते खाली ठेवत होता, आणि आपल्याला वाटत होतं, वा, आपले एक्के चालतात. मला वाटतं माझी सवय अशीच लागली. जिंकलेले छोटे पॉट मला आठवत नाहीत, पण त्यांनीच शिकवलं की एक्के सोडायचे नसतात.

मग लेक म्हणाली, आता एक्के ठेवू. दोन एक्के बाजूला काढले, पुन्हा शंभर. तिसरा एक्का आला तेरा वेळा. जवळपास छक्क्यांएवढाच! हे मला माहीत असायला हवं होतं, तेच गणित आहे, पण वहीत दोन्ही रांगा शेजारीशेजारी बघेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं. फ्लॉप एक्क्यांना ओळखत नाही.

मुळामुठा

वा! ते पान जपून ठेवा.

रात्रपाळी

शनिवारी काय केलंत मग?

पौडफाटा

शनिवारी एक्के आले नाहीत, राजे आले. बटणवर होतो, पुढे १४००. आधीच्या एकाने ३० ची रेज केलेली, एक कॉल. मी १४० केले. रेज करणारा गेला, कॉलवाला आला. पॉट ३२५, मागे १२६०, म्हणजे चारपटीच्या आत.

फ्लॉप: इस्पिक दश्शी, इस्पिक सत्ती, चौकट तिर्री. त्याने चेक केलं. पूर्वी मी इथे १०० टाकून बघितलं असतं. या वेळी २५० टाकले, दोन इस्पिक दिसत होते म्हणून. त्याने बराच वेळ घेतला, कॉल केलं. टर्नला बदाम राणी, पॉट ८२५, माझ्याकडे १०१०. सगळे पुढे केले. त्याने पत्ते खाली ठेवले आणि ठेवताना दाखवले, इस्पिक अठ्ठी आणि इस्पिक नव्वी. फ्लशचे नऊ, सिक्वेन्सचे आणखी सहा, एकूण पंधरा पत्ते होते त्याच्याकडे.

गणितमास्तर

पंधरा? माझ्याकडे पहिल्यांदा जास्त आले, मग परत मोजले. हातात अठ्ठी-नव्वी, समोर सत्ती-दश्शी, म्हणजे छक्की आणि गुलाम लागणारे. प्रत्येकी चार, त्यातले इस्पिकचे दोन आधीच नऊमध्ये धरलेले. नऊ आणि सहा, पंधरा बरोबर. उरलेल्या ४४ पत्त्यांत पंधरा, तुमचे राजे माहीत धरून. ३४ टक्के. त्याला १८३५ च्या पॉटसाठी १०१० घालायचे, म्हणजे साडेपस्तीस टक्के हवेत. सोडलं ते बरोबरच, पण अगदी काठावर. तुम्ही फ्लॉपला १०० टाकले असते तर टर्नला पॉट ५२५ असता, आणि तो स्वस्तात रिव्हरपर्यंत गेला असता.

इस्पिकराणी

आणि तुमचा तो शांत मित्र या डावात होता का?

पौडफाटा

नव्हता. त्याने फ्लॉपआधीच सोडलं होतं. घरी निघताना जिन्यात विचारलं, काय होतं? म्हणाला, चौक्यांची जोडी, पण १४० म्हणजे महाग वाटले.